पाहुणीचं तेल

निवृत्त झाल्यापासून लोक मला भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला असतो, ‘विद्यापीठ आणि लघुउद्योग’. शाल होते, नारळ होतो आणि मग संयोजक हळूच कानाशी येऊन म्हणतात, “मॅडम, ती केळी वेफर्सची यशोगाथा सांगा ना.” मी सांगते. अर्धी सांगते. अर्ध्यावरच टाळ्या पडतात, त्यामुळे उरलेली अर्धी सांगायची वेळ माझ्यावर आजवर आली नाही. आणि खरं सांगू? मीही ती येऊ दिली नाही.

आधी आमचं काम काय होतं ते सांगते. मी रसायनशास्त्राची, त्यातही खाद्यतेलं हा माझा विषय. जळगावात आमच्या विभागाच्या एका खोलीवर ‘उद्योग सहकार्य कक्ष’ अशी पाटी लावली होती. छोट्या कारखानदाराकडे अडचण असते, पण प्रयोगशाळा नसते. आमच्याकडे प्रयोगशाळा असते, पण अडचण नसते, म्हणजे प्रबंधात लिहिण्याजोगी नसते. तेव्हा दोघांची गाठ घालून द्यावी, अशी ती कल्पना. कल्पना चांगलीच होती. अजूनही आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार यायची. जळगावचे एक डाळमिलवाले रुमालात मूठभर तूर बांधून आणायचे आणि आजारी लेकरू डॉक्टरपुढे धरावं तशी माझ्यापुढे धरून म्हणायचे, “मॅडम, हिला काय झालंय बघा.” जामनेरच्या एका मिरचीवाल्याला तिखट वर्षभर लालभडक हवं होतं, पण रंग घालायचा नव्हता आणि तिखट उन्हातून उचलायचंही नव्हतं. चाळीसगावचे एक लोणचेवाले तर तासभर माझ्यापुढे बसले. लोणचं का बिघडतं ते सांगा, म्हणाले. मसाल्यात काय काय घालता, असं मी विचारलं, तर ताडकन उठले. “ते कसं सांगू? आमच्या आजीनं शपथ घातलीय.” मी म्हटलं, मग आजीलाच विचारा. आजही ते माझ्याशी बोलत नाहीत.

नाना त्यातले नव्हते. यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. घरची केळीची बाग आणि बागेला लागूनच वेफर्सचा छोटा कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची मोठी शेड, एक भली थोरली कढई आणि चौदा बायका. नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली नानांची थोरली बहीण कढईवर बसायची. तिला सगळे अक्का म्हणायचे, नानासुद्धा. आठ-नऊ बायका केळी सोलायच्या, किसणीवर उतरवायच्या, मीठ लावायच्या. पाच बायका वेफर्स पिशव्यांत भरून पिशवीचं तोंड छोट्या तापत्या पट्टीवर दाबून बंद करायच्या.

नानांचं दुखणं एका वाक्याचं होतं. “मॅडम, आमचा माल धुळ्याले जातो, तिथल्या व्यापाऱ्याकडून हायवेच्या दुकानांमधी जातो, आनं वीस दिवसांत खवट होतो.” व्यापाऱ्यानं दोनदा माल परत पाठवला होता. “तिसऱ्यांदा आला त कढई उलटी करतो आनं केयी विकत बसतो,” नाना म्हणाले. तिकडे ‘ळ’चा ‘य’ करतात. आम्ही धुळ्याकडचे, घरात ‘आहे’ला ‘शे’ म्हणणारे. एका खान्देशात दोन तऱ्हा. पण नानांचं बोलणं माझ्या कानाला गोड लागलं आणि मी म्हटलं, येते.

रीतसर फोन करून गेले. आगाऊ कळवल्याशिवाय कुणाच्या दारात जाऊ नये, हे मला आईनं शिकवलेलं. काय सांगू ते स्वागत! दारात पाणी, आत चहा, मग जेवण. अक्कानं वांग्याचं भरीत केलं होतं आणि “जेवल्याबिगर जाऊ देनार नही” म्हणत ती पुढ्यातच बसली. मग कढईपाशी गेलो. कढई लखलखीत होती, आरसाच म्हणा ना! आत सोनेरी तेल. वेफर्स पडत होते, फुलत होते, निघत होते. मी खूश झाले. इतकी स्वच्छता मी मोठ्या कारखान्यांतही पाहिली नव्हती. अक्कानं झाऱ्यानं वेफर्स काढले, गार केले, माझ्या डब्यांत भरून दिले. मी प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावली आणि घेऊन आले.

आता थोडं शास्त्र, घाबरू नका. तेलाला हवा, पाणी आणि उष्णता या तिन्ही गोष्टी मारक. पुन्हा पुन्हा तापलं की ते आतून मोडायला लागतं. त्यात तळलेला पदार्थ आज चांगला लागतो, पण बिघाडाचं बी तो आपल्यासोबत घेऊन जातो आणि पाकिटात ते उगवतं. त्यालाच आपण खवट म्हणतो. तेल किती मोडलंय ते प्रयोगशाळेत आकड्यात कळतं. आणि माल किती दिवस टिकेल ते पाहायला आमच्याकडे एक उबदार कपाट असतं. त्यात दिवस भराभर जातात, म्हणजे बाहेर महिनाभरात जे व्हायचं ते आत काही दिवसांत होतं.

मी अक्काचे वेफर्स आमच्या चांगल्या जाड पाकिटांत भरले, कपाटात ठेवले. उत्तम टिकले. दुसऱ्यांदा गेले, फोन करून. पुन्हा भरीत, पुन्हा लखलखीत कढई, पुन्हा डबे. पुन्हा उत्तम. मग माझा निष्कर्ष निघाला. माल चांगला आहे, तेल चांगलं आहे, आमच्या पाकिटात टिकतो आणि त्यांच्या पाकिटात टिकत नाही. म्हणजे दोष पाकिटाचा. हातानं दाबलेल्या तोंडातून हवा शिरते. यात तर्क कुठे चुकला ते शोधा पाहू. विद्यार्थ्यांना मी हे कोडं घालायचे, कुणाला सुटायचं नाही. मलाही सुटलं नव्हतं.

मी अहवाल दिला: आतली हवा काढून टाकून, दुसरा निरुपद्रवी वायू भरून पाकीट बंद करणारं यंत्र घ्यावं. नानांनी अहवाल दोन्ही हातांनी घेतला. यंत्र आलं. कसं आणलं, काय मोडलं, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पिशव्या भरणाऱ्या पाच बायका बावरून कोपऱ्यात उभ्या होत्या. नाना त्यांना म्हणाले, “कोनाले काढनार नही. माल वाढला का साऱ्याइले काम हाये.” मनापासून म्हणाले. यंत्राला हार घातला, नारळ फोडला. आमच्या विभागप्रमुखांनी लगेच यशोगाथा लिहायला घेतली.

महिन्यानं मी यशोगाथेसाठी फोटो काढायला गेले. अर्थातच फोन करून. शेडच्या मागच्या भिंतीशी छतापर्यंत खोकी रचलेली. नव्या पाकिटांची. मी विचारलं, “नाना, एवढा माल इथे कसा?”

“काही नही मॅडम, गोदाम आवरून राहिलो.”

त्यांनी माझ्याकडे न बघता सांगितलं. अक्का आत निघून गेली. मला काहीतरी खटकलं, पण फोटोवाला घाई करत होता. फोटो काढले, डबे घेतले आणि बसथांब्यावर आले.

बसमध्ये माझ्या शेजारी शबानाबाई येऊन बसल्या. पिशव्या भरणाऱ्या पाचजणींतल्या त्या. यावलहून रोज येऊन-जाऊन करायच्या, पन्नाशीच्या, बोलायला मोकळ्या. बाकीच्या बायका गावातल्याच. बस सुटली तशा त्यांनी पदराखालून छोटा डबा काढला. “घ्या मॅडम, खा. नातवाले नेते रोज.”

मी एक वेफर तोंडात टाकला आणि थांबले. नाकात तो वास गेला. तीस वर्षं ज्या वासावर मी पोट भरलं, तो.

“हे कुठले?”

“आपल्याच कारखान्याचे. शेवटच्या घान्याचे. संध्याकायी आमाले देता.”

“पण अक्का मला देते ते असे नसतात.”

शबानाबाई हसल्या. “तुमचे कसे असतीन? तुमी येनार म्हनलं का आदल्या दिवशी चिंच लावून कढई घासता. सारं जुनं तेल काढता, नवं टाकता. तुमी गेल्या का जुनंच परत. त्याच्यातच रोज भर घालता.” मग त्यांचा आवाज खाली आला. “मॅडम, माल परत आला धुयाहून. सारा. नाना तुमाले सांगनार नही, तुमाले वाईट वाटीन म्हनून. पन कारखाना बंद पडला त आमी कुठी जावं?”

मी डबा हातात धरून बसले. वर्गात दरवर्षी पहिल्या आठवड्यात मी एकच धडा शिकवायचे: नमुना कसा घ्यावा. न कळवता घ्यावा, मधूनच घ्यावा, देणाऱ्याला निवडू देऊ नये. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे. आणि स्वतः काय करत होते? दरवेळी फोन करून, भरीत खाऊन, अक्का देईल ते डब्यात भरून आणत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं न कळवता गेले. अक्का कढईवर होती. तेल काळं, दाट, वर फेस आलेला. मला बघून झारा तिच्या हातातून सुटला.

मग माझा तोल गेला. रागात मला माझी बोली येते. “हाई काय शे, अक्का? इतले दिन तुम्ही माले फसाडं!”

अक्का उठून उभी राहिली. एवढीशी बाई, पण माझ्यापेक्षा उंच वाटली.

“फसवलं? घरी पाहुना येनार असन त जुन्या तेलात कोन तयते? तुमच्या घरी तयता का? तुमी फोन करून आल्या, आमी पाहुनी समजून चांगलं केलं. ज्या दिवशी तपासनीवाली म्हनून आल्या असत्या, त्या दिवशी हेच दाखवलं असतं.” तिचे डोळे भरून आले होते. “चांगलं दिलं ते फसवनं व्हय?”

माझ्या आईनंही हेच केलं असतं. धुळ्याला आमच्या घरी मामा येणार म्हटलं की जुनं तेल बाजूला आणि नवा डबा फुटलाच. मला हे माहीत होतं. अक्का मला पाहुणी समजत होती, आणि तो पाहुणचार मला आवडत होता. त्यामुळे मी विचारलंच नाही. मी अक्काचे हात धरले आणि म्हटलं, “चूक माझी झाली.” तिला पटलं की नाही माहीत नाही. पण तिनं चहा ठेवला नाही. त्या दिवशी मला चहा न मिळाल्याचं किती बरं वाटलं!

उपाय निघाला तो इतका साधा की सांगायचीही लाज वाटावी. थोरली कढई हेच दुखणं होतं. तिच्यात तेल फार मावतं, वेफर्स थोडं थोडं पिऊन जातात, आणि उरलेलं दिवसेंदिवस तापत राहतं. अक्का रोज भर घालायची, पण तळाचं तेल कधी संपायचंच नाही. आम्ही कढई बदलली. लहान, खोल कढई घेतली. तिच्यातलं तेल दिवसभरात वेफर्सच पिऊन टाकतात, म्हणून रोज जवळजवळ नवंच तेल. मधेमधे गाळून घ्यायचं, शनिवारी कढई कोरडी करायची. बस. यात माझं शास्त्र फार नव्हतं. यंत्र तर मुळीच नव्हतं.

अडचण पुढेच होती. धुळ्याच्या व्यापाऱ्यानं शेवटची एक संधी दिली होती. या खेपेला माल दुकानांतून परत आला तर पुन्हा तोंड दाखवू नका, म्हणाला होता. तेव्हा माल निघण्याआधी खात्री हवी होती, आणि खात्रीसाठी मला कारखान्यातला सगळ्यात वाईट माल हवा होता. शेवटच्या घाण्यातला, शनिवारच्या संध्याकाळचा, काळपट, तुटका. तो मला कुणी देईना! अक्काला मी बजावलं, शपथ घातली. तिनं डबा दिला. उघडून बघते तो वर पहिल्या घाण्याचे सोनेरी वेफर्स, खाली शेवटचे. मी ओरडले तर म्हणाली, “अहो, उघडल्या उघडल्या काया माल दिसीन त कसं वाटीन?” नानांना सांगितलं, तर त्यांनी स्वतः निवडून दिले. पुन्हा गोरेगोमटे. माझं डोकं फिरायची पाळी आली.

शेवटी शबानाबाईंना म्हटलं, “तुम्ही द्याल का?”

“मी देईन. मले का तुमच्यासंगं सोयरीक करायची हाये?” त्या म्हणाल्या आणि खो खो हसल्या.

तेव्हापासून रोज संध्याकाळी, कुणालाही न विचारता, शबानाबाई शेवटच्या घाण्यातून डोळे मिटून मूठ भरायच्या. अक्षरशः डोळे मिटून. मीच तसं सांगितलं होतं. डबे यावलच्या बसथांब्यावर माझ्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायच्या. एकदा नानांनी त्यांना हटकलं, “काहून तुटके देते मॅडमले?” त्यावर त्या म्हणाल्या, “नाना, तुमाले लाज प्यारी का कारखाना?” हे मला अक्कानं नंतर सांगितलं. चौदा डबे झाले. कपाटात ठेवले. मी रोज सकाळी कपाट उघडून वास घ्यायचे. नवस बोलायचाच काय तो बाकी होता. डबे टिकले. सगळेच्या सगळे.

माल धुळ्याला गेला. पहिला आठवडा, दुसरा, तिसरा. नाना फोन करत नव्हते, मीही करत नव्हते. दोघं एकमेकांना भीत होतो. चौथ्या आठवड्यात नानांचा फोन आला. “मॅडम, टेम्पो रिकामा परत आला.” मी इकडे प्रयोगशाळेत सगळ्यांसमोर रडले.

भाषणात मी इथे थांबते. इथे टाळ्या पडतात.

आता राहिलेलं. व्यापारी पुन्हा माल घ्यायला लागला, पण पूर्वीपेक्षा कमीच. एकदा तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणार, त्याचा काय दोष? आणि यंत्र होतं. ते पिशव्या भरत होतं, भराभर. नाना मला म्हणाले, “मॅडम, घेऊन ठेवलं हाये त चालवनंच पडते ना?” त्यांचा आवाज मेलेला होता. पाचजणींपैकी तिघींना त्यांनी घरी बसवलं. गावातल्या दोघी राहिल्या. बसनं येणाऱ्या शबानाबाईंचा नंबर पहिला लागला.

माझ्या चुकीच्या अहवालावरून आलेलं यंत्र राहिलं आणि जिनं खरं सांगून कारखाना वाचवला ती गेली. मी विभागप्रमुखांना म्हटलं, यशोगाथा मागे घ्या, यंत्राची गरजच नव्हती असं लिहा. ते म्हणाले, “मॅडम, छापून झालंय. आता वेगळ्या पानावर ‘तेलाचं व्यवस्थापन’ तेवढं जोडा, यंत्र राहू द्या. कोणाचं काय बिघडतं?” मी जोडलं. भांडायला हवं होतं. तेव्हा निवृत्तीला सात महिने राहिले होते आणि मी भांडले नाही. हे माझं मला माफ होत नाही.

मागच्या महिन्यात जुने कागद चाळताना त्या चौदा डब्यांच्या तपासणीचा अहवाल हाती लागला. शेवटी तक्ता आहे. चौदा ओळी, आणि त्यात एक रकाना: ‘नमुना घेणाऱ्याचे नाव’. चौदाच्या चौदा ओळींत माझं नाव टंकलेलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. तसा आमच्याकडे प्रघातच होता, नाव अध्यापकाचं जातं. मी वाचून सहीही केली होती.

मी यावलला गेले. न कळवता. शबानाबाई आता केळीच्या बागांत घड उचलायच्या कामाला जातात. पाठ दुखते म्हणून त्या दिवशी घरी होत्या. मी तक्ता दाखवला, रकाना दाखवला, जे सांगायचं ते सांगितलं. तिथे त्यांचं नाव हवं होतं, ते मी लिहिलं नाही, माफ करा, म्हटलं. त्यांनी कागद लांब धरून पाहिला. रागावल्या नाहीत. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

“मॅडम, या कागदावर माझं नाव असतं, त माझं काम राहिलं असतं का?”

राहिलं असतं, असं तोंडावर आलं होतं. समोरच्या माणसाला बरं वाटावं म्हणून आपण असंच म्हणतो.

“नाही,” मी म्हटलं.

“मंग ठीक हाये,” त्या म्हणाल्या, आणि कागद घडी करून त्यांनी मला परत दिला.